सायलेन्सरच्या स्टडवरचा नट गोल झालाय, हेडला धक्का न लावता कसा काढावा? (स्प्लेंडर, सोलापूर)

भीमाकाठचा

नमस्कार मंडळी.

वडिलांची स्प्लेंडर प्लस आहे, हीरो आणि होंडा वेगळे होण्याआधीची. सकाळी पहिल्या किकला निळसर धूर येतो, गाडी तापली की कमी होतो. पिकअप ठीक आहे. त्यामुळे पिस्टनच्या रिंगांपेक्षा व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर संशय आहे आणि हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उतरवून बघायचं ठरवलंय. हेड उतरवायचं तर आधी बेंड पाईप, म्हणजे हेडपासून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाईप, सुटायला हवा. काम तिथंच अडलंय.

बेंड पाईप हेडला दोन स्टडवर (हेडमध्ये बसवलेले, डोकं नसलेले आट्यांचे दांडे) दोन नटांनी धरलेला आहे. १० नंबरचे नट, आतला आटा ६ मिमीचा. डावीकडचा नट गंजलाय, पण त्याचे पैलू शाबूत आहेत. उजवीकडचा पार गोल आहे. गाडी मागे एका गॅरेजला दिली होती तेव्हाच तो घासला गेला असणार, कारण त्यावर पकडीच्या दातांचे जुने ओरखडे आहेत आणि त्या ओरखड्यांवरही गंज चढलाय. मी अजून त्याला पाना लावलेला नाही.

माझ्याकडे रिंग पान्यांचा सेट, बारा खाचांच्या गोट्या (सॉकेट), वाइस ग्रिप, कानस, हातोडी आणि एक छोटी गॅस टॉर्च आहे. वेल्डिंग नाही. नट गेला तर जाऊ दे, पण स्टड आत तुटू नये आणि हेडचे आटे जाऊ नयेत. सुरुवात कशापासून करू?

कन्ना_चौक

मालक, एवढा विचार काय करूलालाव? छिन्नी घ्या, नटाच्या कडेला तिरकी लावा, सुटायच्या दिशेनं दोन ठोके द्या. फिरतोय की.

लेथवाला_चिंचोळी

भीमाकाठचा, अजून हात लावला नाहीत हे फार बरं केलंत. माझ्याकडे जी हेडं येतात त्यातली बरीच नटामुळे येत नाहीत, नट काढायच्या घाईमुळे येतात. नट पाच-दहा रुपयांचा. स्टडही स्वस्तच. हेड मात्र अॅल्युमिनियमचं ओतीव काम. त्याचा कान तुटला किंवा आटा गेला तर तिथून पुढे खर्चही वाढतो आणि वेळही. म्हणून कोणती युक्ती आधी वापरायची हे एकाच गोष्टीवर ठरवायचं: ही फसली तर पुढच्या युक्तीसाठी नटावर काही शिल्लक राहील का?

छिन्नी फसली तर नटाचा आकार अजून बिघडतो, मग गोटीही बसत नाही. म्हणून ती शेवटाकडे.

आधी तीन गोष्टी सांगा.

नटाच्या बाहेर स्टडचे आटे किती दिसतात, आणि त्यांच्यावर गंजाचा थर किती आहे?

नटाच्या मुळाशी, म्हणजे पाईपाच्या पट्टीला टेकतो तिथे, पैलूंची कड थोडी तरी शिल्लक आहे का? बरेचदा वरचा अर्धाच भाग घासलेला असतो, कारण पाना पूर्ण खाली बसवलेला नसतो.

आणि स्टड मधे कुठे बारीक झालाय का? पट्टी आणि हेड यांच्यामधल्या फटीत बॅटरीचा उजेड मारून बघा.

भीमाकाठचा

बघितलं. दोन-तीन आटे बाहेर आहेत, तपकिरी थर आहे. मुळाशी तीन बाजूंना पुसट कड लागते, नखाला जाणवते. फटीत स्टड दिसतो, पण तो मूळचाच एवढा आहे की झिजलाय ते कळत नाही. उजवा डाव्यापेक्षा बारीक वाटतो.

लेथवाला_चिंचोळी

उजवा बारीक वाटतो हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिलं काम तारेच्या ब्रशनं बाहेरचे आटे चकचकीत करणं. हे लोक टाळतात. नट सैल झाला तरी त्याला याच आट्यांवरून बाहेर यायचं असतं. तिथे गंज असेल तर नट अर्ध्या वाटेत पुन्हा आवळतो, आणि मग जोर लावला की स्टड तुटतो.

रत्नागिरीचा_नाखवा

आमच्याकडे खाऱ्या हवेत हा रोजचा खेळ आहे. सोलापुरात पाऊस आमच्यापेक्षा कितीतरी कमी, तरी तिकडचे सायलेन्सरचे नट इतके का पकडतात याचं मला नवल वाटायचं. स्प्लेंडरचं सिलिंडर जवळजवळ आडवं असतं, म्हणजे सायलेन्सरचं तोंड खाली रस्त्याकडे आणि पुढच्या चाकाच्या बरोबर मागे. चाक उडवेल ते सगळं पाणी, चिखल त्या दोन नटांवर. आणि तेही तापलेल्या लोखंडावर.

आत शिरणारं तेल लावताना घाई नको. सांध्यात झिरपायला त्याला वेळ लागतो. संध्याकाळी मारा, सकाळी पुन्हा मारा, मधे हातोडीनं नटाच्या डोक्यावर हलके ठोके. ठोक्यांनी गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. डब्ल्यूडी-४० चालेल, पण ते मुळात ओलावा हटवायला बनवलेलं आहे. 'पेनिट्रेटिंग ऑइल' म्हणून वेगळं मिळतं ते जास्त चांगलं. काहीच नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल. इंजिन थंड असतानाच मारा. तापलेल्या बेंड पाईपवर मारलंत तर धूर होईल, प्रसंगी पेट घेईल.

कन्ना_चौक

नाखवा, पाऊस कमी आहे पण आमच्याकडं गाड्या धुतात बोअरच्या पाण्यानं. नळाला रोज पाणी कुठाय? ते क्षाराचं पाणी गरम इंजिनवर मारायचं, वाळलं की पांढरा थर. डोळ्यांनी बघितलंय. वॉशिंगला गाडी आली की इंजिन गार व्हायला कोण थांबतंय?

रत्नागिरीचा_नाखवा

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. क्षार आणि उष्णता एकत्र म्हणजे कठीणच.

पद्मा_जुळे_सोलापूर

मी डिप्लोमा मेकॅनिकल केलंय आणि घरच्या दोन्ही गाड्यांचं काम स्वतः करते. हत्याराबद्दल लिहिते, कारण गोल झालेल्या नटाचं मूळ बहुतेक वेळा तिथंच असतं.

बारा खाचांची गोटी किंवा रिंग पाना नटाला कोपऱ्याच्या अगदी जवळ टेकतो. सगळा जोर त्या पातळ कोपऱ्यावर येतो. नट नवा असेल तर चालतं. गंजानं पैलू थोडे खाल्ले गेले असतील तर कोपरा दाबला जातो आणि पाना एका खाचेनं पुढे सरकतो. सहा पैलूंची गोटी कोपऱ्यापासून आत, सपाट बाजूवर टेकते. म्हणून भीमाकाठचा दादा, तुमच्या बारा खाचांच्या गोट्या या कामासाठी बाजूला ठेवा.

दुसरं, १०चा नट गंजून आणि घासून आता १०चा राहिलेला नाही. ३/८ इंची सहा पैलूंची गोटी आणा. ३/८ म्हणजे ९.५२५ मिमी, १०पेक्षा जेमतेम अर्धा मिमी लहान. ती हातोडीनं ठोकून नटावर बसवायची. ठोकताना तिच्या कडा नटावर स्वतःची नवी जागा कापतात आणि घट्ट बसतात. ठोक्यांचा हादराही आट्यांना मिळतो. तुमच्या नटाच्या मुळाशी कड शिल्लक आहे, म्हणजे गोटीला पकडायला जागा आहे. मुळापर्यंत जाईल अशी, पातळ भिंतीची गोटी बघून घ्या. पट्टीला अडकणारी जाड गोटी वरच राहील.

कानसेनं दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करायची पद्धतही आहे, पण ६ मिमीच्या नटात त्याला फार वाव नाही. बाहेरून १०, आत ६, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन मिमी लोखंड. ९ पर्यंत कानस मारली तर दीड राहतं. ८ केलंत तर एकच मिमी, आणि मग पान्यानं नट चिरतोच.

जॉबरचा_मुलगा

पद्माताईंचं बरोबर आहे. एक भर घालतो, जी सोलापूरच्या घरांत विशेष लागू पडते.

माझे वडील पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आजोबा गिरणीत. १८७७ ला जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून या शहरात विलायती यंत्रं आणि त्यांचे पाने घरोघर पोचले. ते पाने अजून चांगले आहेत, पोलाद असं की आज मिळत नाही. पण ते व्हिटवर्थ मापाचे आहेत. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये जी पद्धत मांडली, तिच्यात पान्यावरचा आकडा तोंडाची रुंदी दाखवत नाही, बोल्टाचा व्यास दाखवतो. १/४ लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड ०.५२५ इंच असतं, म्हणजे सुमारे १३.३ मिमी. तो १३च्या नटावर छान गेल्यासारखा वाटतो. हाताला अगदी थोडा ढिला लागतो. जोर आला की तेवढ्याच ढिलाईत कोपरे जातात.

तसाच अर्धा इंची पाना १२च्या नटावर, पण व्हिटवर्थचा नव्हे, ज्याच्यावर तोंडाचीच रुंदी लिहिलेली असते तो. १२.७ होतो तो. आपल्याकडच्या जपानी पठडीच्या गाड्यांत ८ मिमीच्या बोल्टाला १२चं डोकं असतं, बाकी बऱ्याच ठिकाणी त्याच बोल्टाला १३चं. बारा-तेराचा दुतोंडी पाना घाईत उलटा धरला की तीच गत.

ज्यांच्या घरी आजोबांची पेटी आहे त्यांनी ती जरूर जपावी. मोटारसायकलला मात्र तो पाना लावू नये.

वडील अडकलेल्या नटाला मेणबत्ती लावायचे. नट तापवायचा, ज्योत काढायची आणि सांध्यावर मेण टेकवायचं. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. लूमवर मी हे बघितलंय, गाडीवरही चालतं.

अक्कलकोट_रोड

गॅस टॉर्चबद्दल सावध राहा. टाकी उतरवा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका, आणि आदल्या दिवशी मारलेलं तेल कापडानं पुसून घ्या. उन्हाळ्यात सोलापुरात पत्र्याच्या शेडखाली पेट्रोलची वाफ लगेच भरते. काम दाराबाहेर, उघड्यावर करा. शेजारी वाळूची बादली ठेवा.

लेथवाला_चिंचोळी

अक्कलकोट_रोड यांचं म्हणणं सगळ्यांनी ऐकावं.

तापवण्यामागचं गणित सांगतो, म्हणजे किती तापवायचं ते कळेल. एक अंश वाढला की पोलाद लांबीच्या दहा लाखांत १२ भाग वाढतं, अॅल्युमिनियम साधारण २३ भाग. जवळजवळ दुप्पट. स्टड हेडमध्ये अडकला असेल तर हेड तापवायचं, कारण भोवतालचं अॅल्युमिनियम जास्त फुगून स्टडला सोडतं. नट स्टडवर अडकला असेल तर नट तापवायचा आणि स्टड त्या मानानं गार ठेवायचा. दोन्ही पोलाद आहेत, त्यामुळे फरक तापमानाचाच मिळणार. ज्योत बारीक, थेट नटावर आणि थोडा वेळ. सावकाश तापवत बसलात तर उष्णता स्टडमध्ये उतरते, दोघं मिळून फुगतात आणि हाती काही लागत नाही. वाढ तशीही मिमीच्या शंभराव्या भागात असते. गंजाची पकड मोडायला तेवढी पुरते.

धोका एकच. पोलाद ६०० अंशांच्या पुढे मंद लाल दिसायला लागतं. हेडचं ओतीव अॅल्युमिनियम त्याच्या आसपासच वितळायला लागतं आणि ते लाल होत नाही. रंग न बदलता एकदम बसतं. म्हणून नट लाल होईपर्यंत थांबू नका. थुंकी लावल्यावर चर्र होऊन उडाली, त्यापुढे थोडं, एवढं पुरे.

आणि फिरवताना पहिला हिसका आवळायच्या दिशेनं, अगदी किंचित. गंजाची पकड त्यानंही मोडते. मग सोडायच्या दिशेनं. पाव फेरा सुटला की परत थोडा आवळा, तेल टाका, पुन्हा सोडा. एका दमात काढायचा नाही.

कन्ना_चौक

लेथवाले अण्णा, तुमचं मान्य आहे, पण छिन्नीला एवढं वाईट म्हणू नका. आमच्या उस्तादांनी छिन्नीवरच शेकडो नट काढलेत. छिन्नी कुठं आणि कशी लावायची त्याला हात लागतो, एवढंच.

लेथवाला_चिंचोळी

तुमच्या उस्तादांच्या हाताबद्दल मला आदर आहे. छिन्नीनं नट चिरणं ही खरी पद्धत आहे, मीही करतो. दिशेबद्दल मात्र आग्रही आहे. सायलेन्सरचे स्टड हेडच्या दोन बारीक उंचवट्यांत बसलेले असतात. बाजूनं ठोका दिला की तो सगळा स्टडच्या मुळाशी, त्या उंचवट्यावर जातो. ओतीव अॅल्युमिनियम वाकत नाही, तडकतं. म्हणून समोरून जड लोखंडाचा आधार द्यायचा आणि मगच छिन्नी. किंवा त्याहून बरं, बारीक चकतीच्या ग्राइंडरनं नट स्टडच्या लांबीच्या दिशेनं कापायचा, आट्याला चकती लागायच्या जरा आधी थांबायचं, आणि त्या चिरेत छिन्नी घालून फक्त पिळायची. नट उमलतो, ठोका लागतच नाही.

कन्ना_चौक

समोरून आधार द्यायचा हे उस्तादपण सांगायचे. ते लिहायचं राहिलं. बाकी पटलं.

भीमाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता इथपर्यंतचं सांगतो.

तारेच्या ब्रशनं आटे साफ केले, पेनिट्रेटिंग ऑइल रात्रभर मुरवलं, मधे मधे ठोके दिले. डावा नट सहा पैलूंच्या १०च्या गोटीनं सुटला. आधी किंचित आवळला, 'टक्' असा आवाज आला आणि मग हातानं फिरला.

उजव्यावर ३/८ची गोटी ठोकून बसवली. पकड जबरदस्त बसली, पद्माताई, अजिबात घसरली नाही. तापवून मेणही लावलं. नट साधारण पाव फेरा फिरला. पण फिरताना हाताला विचित्र लागतंय, मऊ, आणि जोर काढला की रॅचेट थोडं मागे येतं. म्हणून थांबलोय.

पद्मा_जुळे_सोलापूर

थांबा तिथंच. नट फिरत नाहीये, स्टड पिळला जातोय.

लेथवाला_चिंचोळी

हो. ६ मिमीच्या आट्याचा तळाचा व्यास जेमतेम ४.८ मिमी असतो. तुमचा त्याहूनही झिजलेला आहे, उजवा बारीक वाटतो असं तुम्हीच लिहिलं होतं. गोटी घसरत नाही, नट सुटत नाही, मग उरतो स्टड. हाताला जे मऊ लागतंय ते पोलाद लवचीकतेची हद्द गाठत असल्याचं. आणखी थोडा जोर आणि तो हेडच्या तोंडाशी तुटला असता.

आता विचार बदला. हा स्टड पुन्हा वापरायच्या लायकीचा नाही, तर त्याला वाचवायचं कशाला? नटासकट स्टडच बाहेर काढायचा. यासाठी वेल्डिंग सगळ्यात चांगलं.

वेल्डिंगच्या दोन तऱ्हा आहेत. फक्त नट काढायचा असेल तर मोठा नट त्या गोल नटाच्या बाहेरून बसवून कडेनं टाके मारतात. १२ मिमीच्या नटाचं भोक साधारण १०.२ असतं, गोल झालेल्या तुमच्या नटावर ते ठोकून बसू शकेल. दुसरी तऱ्हा तुमच्या उपयोगाची. ८ मिमीचा नट आपल्या नटावर ठेवायचा. त्याचं भोक ६.८च्या आसपास असतं, म्हणजे स्टडचं टोक त्यात येतं. मग भोकाच्या आतून वेल्डिंग भरायचं. स्टड, जुना नट, नवा नट, तिन्ही एकजीव होतात. वर १२ किंवा १३चं नवं कोरं डोकं मिळतं, आणि वेल्डिंगची उष्णता थेट स्टडच्या गाभ्यातून हेडमध्ये उतरते. ज्योतीपेक्षा तीच जास्त काम करते.

सीओटू वेल्डिंगवाल्याकडे जा. साध्या काडीनंही होतं, पण एवढ्याशा भोकात काडी चिकटते.

अक्कलकोट_रोड

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा आणि सीडीआयचा (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचा) सॉकेट सोडा. अर्थिंगचा चिमटा बेंड पाईपला किंवा शक्य तितका नटाजवळ लावायला सांगा. मागच्या चाकाला किंवा स्टँडला लावला तर करंट बेअरिंगांमधून फिरतो आणि त्यांच्या गोळ्यांवर डाग पाडतो.

आणि हेडवर ब्रेक क्लीनर मारून लगेच वेल्डिंग करू देऊ नका. क्लोरीन असलेला क्लीनर तापला की त्यातून फॉस्जीन निघतो. तो विषारी वायू आहे. पुसायचं असेल तर साबणाचं पाणी, आणि पूर्ण वाळू द्या.

रत्नागिरीचा_नाखवा

शक्य असेल तर इंजिन फ्रेममधून उतरवून टेबलावर घ्या. गाडीखाली वाकून वेल्डरचा हात सरळ जात नाही.

भीमाकाठचा

काम झालं!

इंजिन उतरवून, बेंड पाईपसकट, अक्कलकोट रोडच्या एका वेल्डरकडे टेम्पोनं नेलं. त्यांना लेथवाले अण्णांची दुसरी तऱ्हा समजावून सांगायला लागलीच नाही. नट बघितला आणि त्यांनी स्वतःच डब्यातून ८चा नट काढला. हेडवर ओलं फडकं गुंडाळलं, ठिणग्या अॅल्युमिनियमवर चिकटू नयेत म्हणून. अर्थिंग बेंड पाईपला. दोन छोटे टप्पे भरले. लाली गेल्यावर, पण गरम असतानाच, १३च्या गोटीनं पुढे-मागे हलवलं. दुसऱ्यांदा मागे घेताना स्टड हेडमधून फिरायला लागला. पूर्ण बाहेर आला, आट्यांसकट. नट अजून त्याच्यावर तसाच चिकटलेला आहे. स्टड मधोमध इतका खाल्लेला आहे की पट्टीच्या आत गेलेला भाग अक्षरशः निम्म्यानं बारीक. तो तुटला नाही हे नशीब नाही, तुम्ही वेळेवर थांबवलंत म्हणून.

वेल्डरनं पैसे सांगितले ते इतके कमी होते की मीच जास्त दिले.

हेडचं भोक वरून चांगलं दिसतंय. नवे स्टड बसवण्याआधी काय बघू?

लेथवाला_चिंचोळी

फार छान. दुसरा स्टडही काढा, तो तरी कुठं नवा आहे. त्याच्यावर दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून उलट फिरवा. स्टड सुटतो.

मग भोकात ६ बाय १चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं, तेल लावून, फक्त साफ करण्यापुरता घाला. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. टॅप सरळ जातोय ना ते दोन बाजूंनी बघा. जोर लावायला लागला तर थांबा, म्हणजे तो जुना आटा सोडून नवा कापतोय. नवा स्टड हातानं शेवटपर्यंत गेला पाहिजे आणि डुलता कामा नये. डुलला तर घेऊन या, हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा नवा आटा, टाकून देतो. नंतर कधी गरम हेडमध्ये आटा सुटण्यापेक्षा आताच झालेलं बरं.

नट पितळेचे मिळाले तर तेच घ्या. पितळ पोलादाला गंजून चिकटत नाही, आणि पुढच्या वेळी फार तर नटच खराब होईल, स्टड वाचेल. आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा, साधं ग्रीस तिथे जळून कोळसा होतं. बेंड पाईपचं पॅकिंग नवं. दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा, म्हणजे पट्टी तिरकी बसणार नाही. ६ मिमीला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे, आणि ग्रीस लावलेलं असताना त्याहून थोडं कमीच, कारण ग्रीसमुळे तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो.

बाळे_नाका

धाग्याच्या अनुषंगानं विचारतो. माझ्या गाडीत क्लचच्या बाजूला क्रँकवर जो चार खाचांचा नट असतो, ऑइल फिल्टरच्या रोटरचा, त्याच्या खाचा आधीच्या मेकॅनिकनं छिन्नीनं पार उडवल्यात. त्याला वेल्डिंग चालेल का?

लेथवाला_चिंचोळी

नको. तिथे क्रँकचं टोक आणि बेअरिंग आहे, उष्णता आणि करंट दोन्ही नको. त्या नटाची चार दातांची खास गोटी मिळते. खाचा थोड्या शिल्लक असतील तर मी जुन्या गोटीच्या तोंडावर दात कापून तुमच्या नटाच्या मापानं करून देतो. दात दाबून धरायला एक जण आणि फिरवायला एक जण. अजिबातच नसतील तर नट बारीक चकतीनं चिरायचा, पण भोवती कापड आणि ग्रीस भरून. एक कण आत राहिला तरी तो तेलाबरोबर फिरतो. आणि नवा नट घ्याल तेव्हा गोटीही घ्या, छिन्नी त्या बाजूला येऊ देऊ नका.

कन्ना_चौक

हे मात्र शंभर टक्के. त्या नटावर छिन्नी मारलेली मलापण आवडत नाही.

पद्मा_जुळे_सोलापूर

भीमाकाठचा दादा, हेड उतरलं की व्हॉल्व्ह काढायच्या आधी गाईडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिच्यात, हलवून बघा आणि सीलचा फोटो टाका. तापल्यावर धूर कमी होतो म्हणजे सीलच असायची शक्यता जास्त, पण गाईड झिजलेलं असेल तर नुसतं सील बदलून धूर परत येईल. त्यासाठी नवा धागा काढा, म्हणजे हा नटापुरता राहील आणि शोधणाऱ्याला सापडेल.

भीमाकाठचा

काढतो ताई. स्टड, पितळी नट आणि पॅकिंग आज आणलं, टॅप लेथवाले अण्णांकडूनच मारून घेतो. उद्या चिंचोळीला येतोय, अण्णा, हेडही सोबत आणतो.

लेथवाला_चिंचोळी

दुपारनंतर या. व्हॉल्व्ह काढू नका, मी इथेच बघतो.